राखण

काही शब्द गरीब घरातल्या कर्त्या बाईसारखे असतात. कुठल्याही कामाला हाक मारा, ते आपले पदर खोचून उभे! मराठीतले 'राखणे' हे क्रियापद त्यांपैकीच एक. शेत राखायचे, घर राखायचे, मान राखायचा, दिलेला शब्द राखायचा, वडीलधाऱ्यांची मर्जी राखायची आणि परक्यांशी बोलताना अंतर राखायचे. सगळीकडे हे एकच क्रियापद राबत असते. कोकणातल्या गावाला राखणदार असतो. तो रात्री-अपरात्री गावाच्या शिवेवरून फिरतो असे म्हणतात, आणि वर्षातून एकदा गावाने त्याला राखण द्यायची असते. सरकारी कागदावरचे भारदस्त 'राखीव' हेही ह्याच घराण्यातले. आणि सकाळी न्याहारी बांधून घेऊन गावची जनावरे डोंगराला नेणारा गुराखी, तोही ह्याच घराण्यातला. फक्त जरा गरीब शाखेतला.

मौज अशी की, एकाच कुळातल्या ह्या दोघा भावांचे एकमेकांशी पटत नाही. राखीव म्हणतो, जनावर आत शिरले की रान गेलेच म्हणून समजा. गुराखी म्हणतो, माझ्या आज्याच्या आज्याने इथेच गुरे चारली, तेव्हा कुठे गेले नाही ते रान! हा तंटा तोडायला मी काही पंच नव्हे. मी पडलो शाळामास्तर. पण कासच्या पठारावर तो माझ्या गळ्यात येऊन पडला, आणि तेव्हापासून मनातून जात नाही.

साताऱ्याहून यवतेश्वराचा घाट चढून पश्चिमेला पंचवीसेक किलोमीटर गेले की कासचे पठार लागते. उंची समुद्रसपाटीपासून सुमारे १,२०० मीटर. चैत्र-वैशाखात जाल तर फसल्यासारखे वाटेल. पायांखाली तापलेला जांभा, त्याच्या भेगांतून करपलेल्या गवताची थोटके, आणि वर नुसता वारा. ह्याच का जागेचा एवढा बोलबाला, असे म्हणून माणूस परत फिरेल. पण मृगाचा पाऊस पडतो, कातळावरच्या खळग्यांत पाणी साचते, आणि श्रावण-भाद्रपदात त्याच कातळावर जे काही घडते ते पाहून बोलके लोकही गप्प होतात. तेरड्याचे गुलाबी पट्टे, सोनकीचे पिवळे, गेंदाच्या पांढऱ्या गोंड्यांचे थवे, आणि ह्या सगळ्यांच्या पायाशी, वाकून पाहिल्याशिवाय न दिसणारी जांभळ्या रंगाची सीतेची आसवे. टोपली कारवी तर इतकी मानी की सात-आठ वर्षांतून एकदाच फुलते. पाणथळ खळग्यांत वायतुरा उभा असतो. त्याचा तुरा दोन बोटे उघडून दाखवावीत तसा. सह्याद्रीचे मोजके सडे सोडले तर जगात तो कुठेही सापडत नाही. पठारावर आणि त्याच्या आजूबाजूला मिळून ८५०हून अधिक जातींच्या फुलझाडांची नोंद झालेली आहे.

एवढी श्रीमंती ह्या कातळावर आली कुठून? उत्तर थोडे उलटे आहे. ती आली गरिबीतून. पठारावर मातीचा थर कुठे बोटभर, कुठे वीतभर, तर कुठे नाहीच. पाऊस एवढा कोसळतो की मातीतला कस धुऊन जातो. सीतेच्या आसवांना तर पोटासाठी शिकार करावी लागते. त्यांच्या मुळाकडच्या बाजूला बारीक बारीक फुगे असतात. पाण्यातला एखादा सूक्ष्म जीव त्या फुग्याच्या तोंडाशी आला की फुगा त्याला क्षणात आत ओढून घेतो. दवबिंदू नावाची वनस्पती आपल्या केसाळ पानांवर चिकट थेंब धरून बसते, आणि त्यांना दव समजून आलेला किडा तिथेच अडकतो. जिथे माती खोल आणि सकस असते, तिथे एखादे दांडगे गवत किंवा झुडूप सगळी जागा बळकावते. इथे कुणाला सावकार होता येत नाही, म्हणून साऱ्या गोरगरिबांना बिऱ्हाड करायला जागा मिळते.

२०१२ साली युनेस्कोने पश्चिम घाटातली ३९ ठिकाणे जागतिक वारशाच्या यादीत घातली. महाराष्ट्रातली त्यांत चार: कास, कोयना, चांदोली आणि राधानगरी. झाले! पठाराचे नाव सर्वतोमुखी झाले. रविवारी मोटारींची रांग लागू लागली. मोटारी फुलांवर उभ्या राहू लागल्या, माणसे फुलांत बसून आणि पुढे पुढे तर लोळून फोटो काढू लागली. हे थांबवणे भागच होते. मग आसपासच्या गावांच्या समित्या पुढे आल्या, प्रवेशाला शुल्क आले, दिवसाला किती माणसे सोडायची ह्यावर मर्यादा आली, हंगामात गावच्या तरुणांना राखणदारीचे आणि वाट दाखवण्याचे काम मिळाले. आणि फुलांच्या भागाभोवती लोखंडी जाळीचे कुंपण उभे राहिले. त्यातला हेतू चांगलाच होता, हे आधी सांगून टाकतो, कारण पुढची हकीकत चांगल्या हेतूविषयीचीच आहे.

कुंपण होते त्या दिवसांत, २०१८च्या सप्टेंबरात, आमच्या शाळेची सहल तिथे गेली. मुले जाळीच्या कडेने रांगेत चालली होती. कडेला एका दगडावर इरले पाठीशी घेऊन एक म्हातारे बाबा बसले होते. त्यांच्या दोन म्हशी रस्त्याच्या कडेचे गवत ओरपीत होत्या. आमच्या वर्गातली एक चुणचुणीत मुलगी त्यांच्याजवळ थबकली.

"बाबा, म्हशी आत नाही सोडत?"

"आता न्हाई. जाळी हाय नव्हं."

"पूर्वी सोडायचात?"

"तर! समद्या गावच्या जायाच्या. आमी पोरं दिसभर हितंच असायचो."

"मग तेव्हा फुलं नव्हती?"

बाबा हसले. त्यांच्या तोंडात पुढचे दोनच दात होते. म्हणाले, "व्हती की! हितनं तितवर व्हती. म्हस गवताला तोंड लावती, फुलाला कशाला लावंल? आनि तिचा पाय रुतला की तितं पानी ऱ्हातं, त्येच्यात बी फुलं याची. आता आत गवात बग केवडं झालंय. त्येच्याखाली फुलाला वर बगाया तरी मिळंल का?"

मुलीने माझ्याकडे पाहिले. शाळेत सांगितलेले आणि पठारावर ऐकलेले ह्यांत तिला विसंगती दिसली होती, आणि ती मिटवणे हे मास्तराचे काम, असा तिचा चेहरा स्पष्ट सांगत होता. मी म्हटले, "ह्याचे उत्तर आपण शाळेत गेल्यावर शोधू." मुलांना अशी आश्वासने पुष्कळ मिळतात. हे मात्र पाळायचे ठरवले.

उत्तराचा एक मोठा तुकडा मला सापडला तो कासपासून शेकडो कोस दूर, राजस्थानात भरतपूरला. तिथले केवलादेव घना म्हणजे २९ चौरस किलोमीटरांचे पाणथळ रान. संस्थानी काळात ते बदकांच्या शिकारीसाठी राखलेले होते. १९३८ साली व्हाइसरॉयच्या शिकारीत एका दिवसात ४,२७३ पक्षी पडले, आणि तो पराक्रम तिथे दगडावर कोरून ठेवला आहे. स्वातंत्र्यानंतर शिकार थांबली, पक्ष्यांना अभय मिळाले, आणि १९८१ साली ते राष्ट्रीय उद्यान झाले. राष्ट्रीय उद्यानात गुरे चारता येत नाहीत. म्हणून १९८२च्या नोव्हेंबरात आजूबाजूच्या गावांच्या म्हशी बंद केल्या. गावकरी चिडून जमले, पोलिसांनी गोळीबार केला आणि माणसे मेली. पाखरांच्या राखणीपायी माणसांचे प्राण गेले.

आणि पाखरांना त्याचा फायदा तरी झाला का? मुंबईच्या 'बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी' ह्या संस्थेच्या शास्त्रज्ञांनी १९८०पासून दहा वर्षे तिथे अभ्यास केला. म्हशी बंद झाल्यावर काय होते ते त्यांना वर्षागणिक डोळ्यांनी पाहता आले. पाण्यात वाढणारे एक गवत म्हशी रोज खात असत. खाणारे तोंड गेल्यावर ते सुटले आणि त्याने तळी भरून टाकली. उघडे पाणी आटत गेले, माशांना फिरायला जागा उरली नाही, आणि पाणपक्ष्यांचे अन्न त्या हिरव्या गालिच्याखाली झाकले गेले. ज्यांच्यासाठी म्हशी हाकलल्या, त्या पाखरांनाच म्हशींची उणीव भासू लागली. निसर्गप्रेमींच्याच संस्थेने हे आकड्यांनिशी आणि आडपडदा न ठेवता मांडले. पुढे गावकऱ्यांना उद्यानातले गवत कापून नेण्याची मुभा मिळाली. म्हशीचे काम माणसाच्या विळ्याकडे आले, एवढाच त्याचा अर्थ.

शाळेत परतल्यावर मी मुलांना ते असे समजावून सांगितले. आपल्या वर्गात सगळी उंच पोरे पुढच्या बाकांवर बसवली तर मागच्या लहानग्यांना फळा दिसेल का? गवत हा तसा उंच पोरगा. तो वाईट नाही, पण तो पुढे बसला की मागच्यांना ऊन दिसत नाही. शिवाय हिवाळ्यात तो वाळून आडवा पडतो, वर्षावर वर्षे त्याचा थर साचतो, आणि मोहरीहून बारीक बी त्या थराखाली अंधारात पडून राहते. जनावर येते, उंच पोराच्या डोक्यावर टपली मारते, त्याला खाली बसवते. आपण काही फार मोठे कार्य करतो आहोत ह्याची त्या म्हशीला कल्पनाही नसते. ती आपले पोट भरते आणि घरी जाते.

मग म्हशीच म्हशी सोडाव्यात का? एका मुलाने हे विचारलेच. तसेही नाही. पन्नास उंच पोरांना टपली मारायला पाचशे म्हशी आल्या तर लहानगेही चिरडले जातील, आणि फळाही मोडेल. किती जनावरे, कोणत्या महिन्यात, कुठल्या बाजूने, ह्या तीन गोष्टींवर सगळे अवलंबून आहे. आमच्याकडे जुन्या लोकांनी कुरण राखले ते ह्याच हिशेबाने. पावसाळ्यात काही भाग बंद, गवत तयार होऊन बी झडले की दसऱ्यानंतर कापणी, आणि मग जनावरांना मोकळीक. तिथे तारेचे कुंपण नव्हते. गावाचा शब्द होता, आणि तो मोडणाऱ्याला चावडीवर उत्तर द्यावे लागे.

ह्याउलट देवराईत पाहा. तिथे वाळलेली काटकीही उचलायची नाही असा दंडक. वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ ह्या शास्त्रज्ञांनी १९७०नंतरच्या दशकात महाराष्ट्रातल्या देवराया पायी फिरून पाहिल्या आणि त्यांचे मोल शास्त्राच्या भाषेत जगापुढे ठेवले. आसपासचे डोंगर बोडके झाले तरी तेवढ्या तुकड्यात जुने वृक्ष, वेली आणि झरे टिकले, ते कुऱ्हाड लागली नाही म्हणून. देवराईत राखण म्हणजे हात न लावणे. कुरणात राखण म्हणजे बेताने हात लावणे. एकीचा नियम दुसरीला लावला की दोन्ही बिघडतात.

आणि तिसरी राखण आपल्या आजीच्या उतरंडीत होती. वालाचे, घेवड्याचे बी ती राखेत घोळवून मडक्यात ठेवी. राखेतच राखायचे, भाषेने हे नाते जुळवले की आपल्याच मनाने, कोण जाणे! पण ते बी पेटीत बंद करून दहा वर्षे ठेवले असते तर मेले असते. ते दरसाल पेरावे लागे, त्यातले निवडून पुन्हा ठेवावे लागे, आणि मूठभर शेजारणीला द्यावे लागे. अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे ह्यांनी हेच केले. शाळेची पायरी न चढलेल्या ह्या बाईंनी गावठी वाणांची बियाणे जमवली, वाढवली आणि वाटली. २०२० साली सरकारने त्यांना पद्मश्री दिली. वापरल्याने आणि दिल्याने टिकते अशी ही संपत्ती. तिजोरीत ती कुजते.

तेव्हा राखणे म्हणजे नेमके काय? मला वाटते, एखाद्या जिवाला राखायचे तर त्याच्या भोवतीची नाती राखावी लागतात. फुलाचे गवताशी, गवताचे म्हशीशी, म्हशीचे गुराख्याशी, आणि गुराख्याचे त्याच्या गावाशी. आपण साखळीतली एकच कडी पाहतो, ती सुंदर दिसते म्हणून तिला जाळीआड ठेवतो, आणि बाकीच्या कड्या बाहेर गंजत राहतात.

कासचे ते कुंपण पुढे काही वर्षांनी काढण्यात आले. गवत माजते, फुले कमी होतात, ही तक्रार गावकरी करीतच होते. जाणकारांनीही चराईचा प्रश्न मांडला होता. फुले कमीजास्त होण्याला पावसाचीही लहर असते आणि माणसांच्या गर्दीचीही. सारा दोष जाळीवर ढकलणे न्यायाचे नाही. पण जाळी निघाली हे ऐकून मला बरे वाटले, आणि गेल्या भाद्रपदात मी पुन्हा तिकडे गेलो. त्या बाबांना ही बातमी सांगायला जावे, असा माझा भाबडा बेत होता. जणू त्यांना ती ठाऊकच नसणार!

बाबा भेटले. घराच्या ओट्यावर बसले होते. ऐकायला कमी येत होते, पण मुलीचा प्रश्न त्यांना आठवत होता. मी विचारले, "आता तर मोकळं झालं. म्हशी जातात की नाही वर?"

त्यांनी हाताने गोठ्याकडे दाखवले. गोठ्यात मोटरसायकल उभी होती, आणि तिच्यावर प्लास्टिकचा कागद घातला होता.

"न्याच्या कुनी, गुरुजी? पोरगा म्हमईला. नातू साताऱ्याला शिकतोय. सून म्हनली, दूध पिशवीचं घिऊ." मग थोडे थांबून म्हणाले, "तिची बी काय चूक? शेनघान करून पाठ मोडती बाईची."

मी त्यांना काय सांगणार? जावळीच्या खोऱ्यातली माणसे मुंबईला जाऊन पाठीवर ओझी वाहू लागली, त्याला पिढ्या लोटल्या. गावात राहून म्हशी राखा, कारण शहरातल्या लोकांना भाद्रपदात फुले पाहायची आहेत, हे कुणाला सांगण्याचा मला अधिकार नाही. माझीही मुले म्हशी राखणार नाहीत. जाळी काढायला चार माणसे आणि चार दिवस पुरतात. पण पहाटे उठून जनावर सोडणारा, कुठल्या महिन्यात कुठल्या उतारावर न्यायचे ते पायांना ठाऊक असलेला माणूस एकदा उठून गेला की तो कुठल्या ठरावाने परत येत नाही. त्याला परत आणायचे तर त्याच्या कष्टाचा मोबदला आपण दिला पाहिजे. फुलांसाठी आपण शुल्क देतो, आणि राखणाऱ्या तरुणाला हंगामाची मजुरी मिळते. मग पठार चरून देणाऱ्या म्हशीच्या मालकाला काही का मिळू नये? हा प्रश्न सभेत विचारला तर लोक हसतील कदाचित. पण भरतपूरला दहा वर्षांच्या अभ्यासाने म्हशीचे काम मोजले गेलेच आहे. जे काम मोजता येते त्याची मजुरीही ठरवता येते.

दिवाळीचा पहिला दिवा आपण वसुबारसेला लावतो, गाय-वासराच्या पुढ्यात. ज्यांच्या घरी गाय नाही ते मातीची गाय आणतात किंवा पाटावर रांगोळीने काढतात. आमच्या घरीही रांगोळीचीच असते. त्यात कमीपणा काही नाही. सणाने माणसाची अडचण नेहमीच समजून घेतली आहे. पण ज्यांनी हा दिवस दिवाळीच्या अगदी उंबरठ्यावर ठेवला, त्यांना ठाऊक असावे की लक्ष्मी घरात येते ती रानातून, गोठ्याच्या वाटेने.

ह्या सुट्टीत मुलांना मी शुद्धलेखन दिलेले नाही. २००२च्या जैविक विविधता कायद्याने प्रत्येक गावाने आपल्या झाडा-प्राण्यांची आणि त्यांविषयीच्या जाणत्या माहितीची नोंदवही करायची आहे. आमच्या मुलांनी तिची एक लहानशी, घरगुती आवृत्ती करावी असे ठरले. वसुबारसेच्या दिवशी घरातल्या सर्वांत वयस्क माणसाजवळ बसायचे आणि तीन गोष्टी लिहून आणायच्या: आपल्या घरी जनावरे कोणकोणती होती, ती चरायला कुठे जात, आणि त्यांना कोण राखी. आठवतील तेवढी गवताची नावेही लिहायची, मग ती पुस्तकात असोत वा नसोत.

तिसऱ्या गोष्टीपुढे माणसाचे पूर्ण नाव लिहा, असे मी मुद्दाम सांगितले आहे. आणि तो माणूस अजून असेल, तर फराळाचे ताट घेऊन त्याच्याकडे जा, आणि त्याला पुढच्या भाद्रपदात आपल्याबरोबर डोंगरावर यायला सांगा. रस्ता तोच दाखवील.